शाळेची इमारत मोहल्ल्यासारखी असली तर?

आपल्याकडे शाळा बांधायची म्हटलं की नकाशा जवळपास ठरलेलाच असतो. मधोमध कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, खिडक्यांना जाळी. प्लॉट लहान, पैसा चंद्याचा. त्यामुळे 'जास्तीत जास्त वर्ग बसवा' एवढंच आर्किटेक्टला सांगितलं जातं. पण वर्गाबाहेर मुलं बसणार, बोलणार कुठे?

याचं एक उत्तर अहमदाबादमध्ये सापडतं. सुलतान अहमद शाह यांनी 1411 मध्ये हे शहर वसवलं. जुन्या शहरातल्या वस्तीला 'पोळ' म्हणतात. रस्त्यावर एक दरवाजा, आत सावलीच्या अरुंद गल्ल्या, खेटून उभी घरं, घरापुढे ओटा आणि मध्ये चौक. ज्या ओट्यावर सकाळी भाजी निवडतात, तिथेच दुपारी मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळी बुजुर्गांची बैठक. लग्न असलं की चौकातच मांडव. जागा तीच, काम बदलतं.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी 1962 मध्ये याच शहरात आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. आज ती सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिचा कॅम्पस पाहिला की पोळ आठवते. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेकडून येणारा उजेड, बंद दारं कमीत कमी. इमारतीखालची जागा मोकळी: तिथे कधी व्याख्यान, कधी प्रदर्शन, कधी नुसत्या गप्पा. पायऱ्या चढायलाही आणि बसायलाही. 1972 मध्ये नियोजनाची शाळा सुरू झाली आणि कॅम्पस वस्तीसारखा वाढत गेला. पुढे बंगळुरूच्या आयआयएमचा आराखडा करताना दोशींनी फतेहपूर सिक्रीचे चौक नजरेसमोर ठेवले होते.

मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावातल्या एखाद्या अंजुमनला एवढी जमीन मिळणार नाही, हे खरं. पण विचार तर घेता येतो. कॉरिडॉर थोडा रुंद करून कडेला बसायला कट्टा बांधा. दोन वर्गांमधली भिंत सरकती ठेवा, म्हणजे गरजेला हॉल तयार. तळमजला मोकळा सोडला तर सकाळी प्रार्थना, दुपारी खेळ, संध्याकाळी बायकांचा शिवणवर्ग आणि रमजानमध्ये इफ्तार, सगळं तिथेच होईल.

यात एखादा वर्ग कमी होईल, मान्य. पण ज्या मुलीच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं राहतात, तिला मोकळं अंगण शाळेशिवाय कुठे मिळणार? ट्रस्टच्या पुढच्या मीटिंगमध्ये 'वर्ग किती?' याच्या आधी हा सवाल विचारायला हवा.