चंचल मूल आणि आपण पालक

“एका जागी बसत नाही”, “डोके आहे, पण वापरत नाही”, “बाईंची रोज चिठ्ठी येते” ही वाक्ये आपल्या वस्तीत आणि नात्यागोत्यात सर्वांनीच ऐकली आहेत. अशा मुलाला आपण द्वाड किंवा आळशी ठरवतो आणि दोन धपाटे घालून मोकळे होतो. परंतु यांपैकी काही मुलांच्या बाबतीत प्रश्न खोडीचा नसून मेंदूच्या घडणीचा असतो. त्यास वैद्यकशास्त्रात एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकवता न येणे, शरीर व मन सतत अस्वस्थ राहणे आणि विचार करण्याआधी कृती होऊन जाणे, ही त्याची तीन लक्षणे. जगभर शंभरात सुमारे ५ मुलांना हा त्रास असतो असे मानतात. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले आलीच.

आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत काम करणारे कारकून आहोत. तेव्हा निदान तज्ज्ञांनीच करावे. पालकांनी घरात काय करावे, एवढे सांगण्यापुरताच हा लेख आहे.

हे नवे खूळ नव्हे

मोबाइल व टीव्हीमुळे हा आजार निघाला असे अनेकांना वाटते. परंतु जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचे वर्णन लंडनमधील व्याख्यानांत १९०२ सालीच केले होते. याचे मोठे कारण आनुवंशिक आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा जन्मवेळचे कमी वजन हेही काही मुलांत कारणीभूत ठरते. आईचे लाड, गोड खाणे किंवा वडिलांचा धाक नसणे यांमुळे हा विकार होत नाही. घरातल्या बाईला बोल लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावीत, असा निदानाचा नियम आहे. मुलींमध्ये पुष्कळदा धावपळ दिसत नाही. मुलगी शांत बसून खिडकीबाहेर पाहत राहते आणि “जरा मंद आहे” म्हणून मागे पडते.

“कॅरम दोन तास खेळतो, मग अभ्यासालाच का बसत नाही?” हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. आवडीच्या कामात या मुलांचे लक्ष आपोआप लागते. नावडत्या कामात ते ओढून आणण्याची शक्ती कमी पडते. काय करायचे हे मुलाला ठाऊक असते, पण नेमक्या वेळी ते आठवत नाही किंवा स्वतःला आवरता येत नाही. म्हणूनच तासभर केलेला उपदेश वाया जातो. मदत ही त्या वेळी, त्या जागी मिळाली पाहिजे. पुढील सर्व उपायांचे मूळ हेच आहे.

घरात काय करावे

सांगण्याची रीत बदलावी. स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. जवळ जावे, नाव घ्यावे, त्याने आपल्याकडे पाहिल्यावर एकच काम सांगावे आणि त्याच्याकडून ते परत वदवून घ्यावे. “दप्तर भर, हात धू आणि दूध आण” या तीन कामांपैकी दोन वाटेतच गळतात.

दिवसाचा क्रम ठरलेला असावा व तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. दप्तर रात्रीच भरून दाराजवळ ठेवावे. चप्पल, डबा, कंपासपेटी यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. आपली घरे दोन खोल्यांची. स्वतंत्र अभ्यासाची खोली कोठून आणणार? मुलाला दाराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसवावे, समोर एकच पुस्तक ठेवावे आणि तेवढा वेळ टीव्ही व मोबाइल सर्वांनीच बंद ठेवावा. १५ मिनिटे अभ्यास, ५ मिनिटे पाणी भरणे किंवा जिना उतरून येणे, असे तुकडे पाडावेत. घड्याळ समोर असावे, कारण या मुलांना वेळेचा अंदाज कमी असतो.

शाबासकी लगेच व नेमकी द्यावी. “आज न सांगता वही काढलीस, छान केलेस” हे ऐकताच मुलाला आपण काय बरोबर केले ते कळते. “पहिल्या पाचांत आलास तर दिवाळीत सायकल” हे वचन येथे चालत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर मुदत ठेवीचे व्याज या मुलांना दिसत नाही, रोजची जमा दिसली पाहिजे. कागदावर दोन-तीनच कामे लिहावीत, काम झाले की लगेच खूण करावी आणि ठरावीक खुणांवर आवडीचा खेळ किंवा गोष्ट द्यावी. नियम मोडल्यास शिक्षाही लहान, ताबडतोब व आधी सांगितलेली असावी.

मारू नये. माराने मूल घाबरते, पण त्याचे लक्ष वाढत नाही; उलट “मी वाईटच आहे” हे त्याच्या मनात पक्के होते. पुरेशी झोप आणि रोज मैदानावरचा खेळ यांनी निश्चित मदत होते. खेळ बंद करणे ही शिक्षा तर मुळीच देऊ नये.

शाळा व दवाखाना

वर्गशिक्षकांना तक्रारीच्या दिवशी न भेटता आधीच भेटावे. पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून दूर जागा मागावी. फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठबशीची कामे द्यावीत असे सुचवावे. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

या मुलांपैकी अनेकांना वाचन, लेखन किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. दहावीची वाट न पाहता ते आधीच काढावे.

तपासणीसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार किंवा बालरोग विभागात जावे. मानसिक आरोग्याबाबत १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांचे प्रशिक्षण हाच उपाय मानतात. मोठ्या मुलांना डॉक्टर मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिनसारखे औषध देतात. त्याने अनेकांना चांगला गुण येतो. भूक मंदावणे, झोप कमी होणे असा त्रासही होऊ शकतो. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध आपल्या मनाने सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नये. गंडेदोरे व जाहिरातीतील “बुद्धिवर्धक” बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

सर्वांचे काम

वयाबरोबर धावपळ बहुधा कमी होते. लक्षाची अडचण मात्र अनेकांत मोठेपणीही राहते. म्हणून ही वाटचाल वर्षांची आहे आणि एकट्या आईने ती करणे शक्य नाही. वडिलांनी रोजचा एक तास आपल्याकडे घ्यावा. आजी-आजोबांनीही घरात ठरलेले नियमच पाळावेत. अभ्यासिकेत लहान मुलांना शिकवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी असे मूल दिसल्यास त्याला बाहेर न काढता जवळ बसवावे आणि गणित एकेक करून द्यावे.

आपल्या घरांत शिक्षणाखेरीज दुसरी इस्टेट नाही. असे एक मूल ‘द्वाड’ म्हणून आठवीत शाळा सोडते, तेव्हा त्या घराची सारी पुंजी बुडते. वेळीच ओळखले, मार थांबवला आणि रोज थोडी योग्य मदत केली, तर हेच मूल शिकू शकते. तेव्हा आपल्या शेजारी असे मूल असेल, तर त्याच्या पालकांना हा लेख अवश्य वाचून दाखवावा, ही विनंती.