कृत्रिम बुद्धिमत्ता-एजंट आणि संकेतशब्द व्यवस्थापक : दस्तऐवजीकरणाच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

संगणकीय साधनाची माहितीपुस्तिका आजवर माणसासाठी लिहिली जात असे. माणूस ती अर्धवट वाचतो, अडल्यास जाणकाराला विचारतो आणि शंका आली तर थांबतो. आता या पुस्तिकेला दुसरा वाचक लाभला आहे. भाषा-प्रारूपावर चालणारे एजंट पुस्तिका वाचून त्यातील आज्ञा स्वतःच चालवतात. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केल्यानंतर बाह्य साधने एजंटांना जोडण्याची एक समान रीत उपलब्ध झाली. या रीतीत साधनाचे वर्णनच प्रारूपाच्या वाचनात येते. हे साधन संकेतशब्द व्यवस्थापक असेल, तर त्याच्या दस्तऐवजात नेमके काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुपित कोठे उमटते?

संकेतशब्द व्यवस्थापक म्हणजे एका मुख्य संकेतशब्दाने उघडणारी कूटबद्ध तिजोरी होय. बिटवॉर्डनच्या आज्ञावलीत तिजोरी उघडली की एक सत्र-किल्ली मिळते आणि ती परिसर-चलात ठेवली की ‘बीडब्ल्यू गेट पासवर्ड’ ही आज्ञा हवा तो संकेतशब्द पडद्यावर छापते. माणसाच्या दृष्टीने ही सोय निर्दोष आहे. एजंटाच्या बाबतीत मात्र जे छापले गेले ते त्याच्या संदर्भात शिरते, प्रारूप चालवणाऱ्या दूरस्थ संगणकाकडे जाते आणि कामाच्या नोंदवहीतही राहू शकते. शिवाय सत्र-किल्ली संपूर्ण तिजोरीची असते. एका संकेतस्थळावर प्रवेश हवा असताना बँकेचा संकेतशब्दही त्याच हाताशी येतो.

वनपासवर्डची ‘ओपी रन’ ही आज्ञा निराळ्या वाटेने जाते. लिहिताना गुपिताऐवजी केवळ त्याचा पत्ता लिहावयाचा असतो. मूळ मूल्य चालू होणाऱ्या प्रक्रियेच्या परिसरात भरले जाते आणि ते पडद्यावर उमटलेच तर झाकले जाते. ही रचना निश्चितच अधिक चांगली आहे. परंतु तिच्या मर्यादाही दस्तऐवजात तितक्याच ठळकपणे यावयास हव्यात. प्रक्रियेने ते मूल्य फाइलमध्ये लिहिले तर हे झाकण लागू होत नाही. आणि ज्या एजंटाला कोणतीही आज्ञा चालवण्याची मुभा आहे, तो ‘ओपी रीड’ चालवून मूल्य सरळ वाचूही शकतो. त्यामुळे खरा बांध पडतो तो निवडक तिजोरीपुरतेच अधिकार असलेले सेवा-खाते देण्याने. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

सूचना आणि कुलूप यांतील भेद

‘संकेतशब्द कोणालाही सांगू नये’ असे वाक्य पुस्तिकेत घालून लेखक निर्धास्त होतो, ही सर्वांत मोठी चूक होय. प्रारूपाच्या संदर्भात पुस्तिकेतील वाक्य आणि एखाद्या परक्या पानावरून आलेले वाक्य शेजारी शेजारी बसतात. परक्या मजकुरात दडवलेल्या आज्ञेने एजंटाला वळवण्याच्या या प्रकाराला सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव दिले. दुखणे त्याहून जुने आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका संकलकाची हकीकत लिहिली होती. या संकलकाला आकडेवारी नोंदवण्यासाठी एका निर्देशिकेत लिहिण्याचा अधिकार होता. वापरकर्त्याने आपल्या निष्पत्तीसाठी त्याच निर्देशिकेतील देयकांच्या फाइलचे नाव दिले आणि संकलकाने ती इमानेइतबारे पुसून टाकली. अधिकार संकलकाचा होता, इच्छा दुसऱ्याची. संकेतशब्द बाळगणारा एजंट याच अवस्थेत असतो.

म्हणून दस्तऐवजात प्रत्येक निर्बंधापुढे तो साधन स्वतः पाळून घेते की केवळ विनंती आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. हा भेद लपवणारी पुस्तिका, भाषा कितीही सुबक असली तरी, फसवी ठरते.

त्रुटिसंदेशांकडे तर फारसे कोणी दस्तऐवज म्हणून पाहतच नाही. ‘तिजोरी बंद आहे’ एवढाच संदेश मिळाला तर काम पुरे करण्याच्या ओढीने एजंट वापरकर्त्याकडे संभाषणातच मुख्य संकेतशब्द मागण्याचा संभव असतो, आणि भाबडा वापरकर्ता तो देतोही. त्याऐवजी ‘तिजोरी बंद आहे. येथेच थांबा. वापरकर्त्याला ती त्याच्या स्वतःच्या खिडकीत उघडण्यास सांगा. मुख्य संकेतशब्द मागू नका’ असा संदेश असावा. अर्थात हीदेखील विनंतीच आहे. परंतु ती अचूक क्षणी वाचली जाते. उदाहरणांबाबतही हेच म्हणता येईल. एजंट नियमांपेक्षा नमुन्याचे अनुकरण अधिक सहजतेने करतो. पुस्तिकेतील पहिलेच उदाहरण संकेतशब्द छापून दाखवणारे असेल, तर पुढील पानभर सावधगिरीच्या सूचना व्यर्थ जातात.

अखेरीस, गुपित एकदा एजंटाच्या संदर्भात उमटले तर काय करावे, हे पुस्तिकेच्या आरंभीच असावे. संभाषण पुसणे पुरेसे नाही. संबंधित सेवेवर जाऊन संकेतशब्द बदलावा, चालू सत्रे बंद करावीत आणि सेवा-खात्याचे टोकन रद्द करून नवे काढावे. तेही माणसाने, स्वतःच्या हाताने.