सगळेंच काढावें काय ?

गेल्या वर्षीं आमच्या नेरूळच्या घरीं सूनबाईच्या स्तनांत सुपारीएवढी गांठ आढळली व ती कर्करोगाची ठरली. हा विषय चारचौघांत काढूं नये, अशी आपल्या घरांची रीत. पण त्या संकोचापायींच आमच्याकडे एक अनर्थ होतां होतां राहिला, म्हणून लिहितों.

अर्बुदाचा अंश मागें राहिल्यास तें पुन्हां वाढतें, हें सुश्रुताचें मत माझ्या मनांत पक्कें. सूनबाईस न विचारतांच मीं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलें, "सगळेंच काढा." माझ्या थोरल्या बहिणीचें पूर्वीं तसेंच केलें होतें. ती वांचली; पण काखेंतील ग्रंथि गेल्यामुळें हात असा सुजे कीं बांगडी चढेना, पोळ्या लाटवेनात. तिनें कधीं तक्रार केली नाहीं, आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

डॉक्टरीणबाईंनीं मला समजाविलें तें असें. अमेरिकेंतील हाल्स्टेड ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालील स्नायु व काखेंतील ग्रंथि एकदमच काढण्याची पद्धति रूढ केली. तिच्या मुळाशीं माझ्यासारखाच तर्क होता. इटलींत मिलान येथें १९७३ ते १९८० ह्या काळांत ती कसोटीस लागली. लहान गांठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गट केले. एका गटावर हाल्स्टेडची शस्त्रक्रिया. दुसऱ्यांत स्तनाचा बाधित भाग व काखेंतील ग्रंथि काढून पुढें किरणोपचार. वीस वर्षांनंतरचा हिशेब वेरोनेसी ह्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केला. स्तन राखलेल्यांपैकीं ३० जणींस त्याच स्तनांत रोग उलटला, हाल्स्टेडच्या गटांत ८ जणींस छातीवर. पण जगण्यावांचण्यांत फरक नव्हता. (सुश्रुत अगदींच खोटा ठरला नाहीं, एवढें माझें समाधान !) रोगाचे कण रक्तावाटे आधींच दूर गेले असल्यास छातीवर कितीही मोठा घाव घातला तरी ते हातीं लागत नाहींत, त्यांस औषधच हवें.

काखेंतही आतां गांठीकडून येणाऱ्या वाटेवरील पहिल्या ग्रंथि रंगद्रव्यानें ओळखून तेवढ्याच तपासतात. त्या निर्दोष निघाल्यास बाकीच्यांस धक्का लावीत नाहींत. काखेच्या खालच्या भागांतील थोड्या ग्रंथि घेऊनही हें काम तितकेंच साधतें, असें परळच्या टाटा रुग्णालयांतील डॉ. वाणी परमार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं दाखविलें. जेथें किरणोत्सर्गी द्रव्य नि तें शोधणारें यंत्र नाहीं, तेथें ह्याचें मोल मोठें.

गांठी अनेक असल्या किंवा किरणोपचार देतां येत नसले, तर स्तन काढावा लागूं शकतो. कोणी स्वतः होऊनही तसें मागते.

एवढें सांगून डॉक्टरीणबाईंनीं मला बाहेर बसावयास सांगितलें व सूनबाईस तिची इच्छा विचारली. तिनें स्तन राखला. किरणोपचाराच्या दिवसांत घरचा स्वयंपाक चिरंजीवांनीं केला. मीं भाजी निवडली.