गाठीतील दाब आणि ‘शेक’

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात शेक घेणाऱ्या भगिनींचे नातेवाईक मला विचारतात, “मशीन एकच, मग गुण वेगवेगळा का?” एक कारण गाठीतच असते. तेथील रक्तवाहिन्या गळक्या आणि निचऱ्याच्या लसिकावाहिन्या दबलेल्या असतात. तुंबलेल्या मोरीसारखे पाणी साचून दाब वाढतो. टोरांटोत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या १०२ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त दाब असलेल्यांत आजार अधिक उलटला होता. हा दाब नेहमीच्या तपासणीत मोजत नाहीत.

गाठीत रक्तही नीट फिरत नाही. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला दोन-तीनपट किरणमात्रा लागते. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाहेरचे व आतले सर्व शेक आठ आठवड्यांत संपवा. रक्तस्राव थांबला, बरे वाटले, म्हणून मध्येच गावी परतू नका.