सिकलसेलग्रस्त बालक आणि सुटीतील कौटुंबिक प्रवास

वार्षिक परीक्षा आटोपल्या की राज्यातील लहान-मोठ्या घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी मुलांना घेऊन मामाच्या गावी जातात, कोणी नवस फेडण्यासाठी देवस्थानी, तर कोणी चिखलदऱ्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी. विदर्भातील जिल्ह्यांत आणि नंदुरबार, पालघर यांसारख्या आदिवासीबहुल भागांत मात्र अशी अनेक घरे आहेत, की जेथे हा बेत ठरण्यापूर्वीच मोडतो. घरातील एखाद्या मुलाला सिकलसेलचा आजार असतो. वाटेत त्याचे अंग दुखू लागले तर काय, या धास्तीने एक तर सारे घर मागे राहते, किंवा आई त्या मुलाला घेऊन घरी थांबते आणि वडील इतर भावंडांना घेऊन जातात. दुसरा मार्ग वरकरणी शहाणपणाचा वाटतो. परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते, की आपल्यामुळे आईला जाता आले नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अशी सरसकट बंदी आवश्यक नाही. नियमित उपचार घेत असलेले, प्रकृती स्थिर असलेले मूल प्रवास करू शकते. धोका प्रवासात नसून प्रवासात घडणाऱ्या काही ठराविक गोष्टींत आहे, आणि त्यांतील बहुतेक गोष्टी पालकांना टाळता येण्याजोग्या आहेत. त्या कोणत्या, हे समजण्यासाठी आजाराचे स्वरूप थोडक्यात लक्षात घ्यावे लागेल.

पेशींचा विळा

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते फुफ्फुसांतून प्राणवायू घेऊन शरीरभर पोहोचविते. सिकलसेलच्या रुग्णात या द्रव्याच्या रचनेत एका घटकाच्या जागी दुसरा घटक आलेला असतो. बदल अत्यंत सूक्ष्म. परंतु त्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठर दोरे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागाला रक्त मिळेनासे होते आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. रुग्णाच्या अंगात रक्त कमी असण्याचे कारण हेच होय.

शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा हवेतून पसरत नाही. तो आई-वडिलांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. सोबतच्या प्रवाशांना अथवा नातेवाइकांच्या घरातील मुलांना त्यापासून कसलाही धोका नाही, हे पाहुण्यांच्या घरी उतरणाऱ्या कुटुंबाने निःसंकोच सांगावे.

पेशी वाकण्यास चालना देणाऱ्या गोष्टी मुख्यतः पाच आहेत : शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, प्राणवायूची कमतरता, अतिश्रम आणि ताप आणणारा संसर्ग. प्रवासाच्या तयारीचा सारा विचार या पाच गोष्टींभोवती करावा लागतो. त्यांतही पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

पाणी आणि एस. टी.चा थांबा

आपल्याकडे लहान मुलांना घेऊन बसने निघताना त्यांना पाणी बेताने पाजण्याची पद्धत आहे. मूल वाटेत लघवीला म्हणेल, गाडी थांबणार नाही, कपडे खराब होतील, म्हणून निघण्यापूर्वी तासभर पाणी बंद केले जाते. निरोगी मुलाला हे थोडेफार सोसते. सिकलसेलग्रस्त मुलाच्या बाबतीत मात्र वेदनेची सुरुवात अनेकदा येथूनच होते. या आजारात मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी झालेली असते. इतर मुलांना घाम आला, पाणी कमी मिळाले, तर त्यांची लघवी कमी व गडद होते. या मुलाची लघवी तशीच पातळ व भरपूर होत राहते. म्हणजे बाहेरून पाणी बंद केले तरी आतून ते जातच असते. ही मुले मोठी झाल्यावरही अंथरूण ओले करतात याचे कारणही पुष्कळदा हेच असते. त्यात मुलाचा आळस नसतो आणि आईची हयगयही नसते.

यासाठी मुलाचे पाणी कमी न करता प्रवासाची आखणीच बदलावी. एकाच मोठ्या पल्ल्याऐवजी मध्ये गाडी बदलता येईल असे दोन टप्पे करावेत. चढतानाच वाहकाला मुलाच्या आजाराची कल्पना द्यावी. थोडक्यात सांगितल्यास बहुतेक वाहक सहकार्य करतात. रेल्वेचा पर्याय असेल तर तो अधिक सोयीचा, कारण डब्यात शौचालय असते आणि मुलाला आडवे होता येते. सुमारे २० किलो वजनाच्या मुलाला एरवीही दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास पाणी व पातळ पदार्थ लागतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडील ४५ अंश सेल्सिअसच्या उन्हात आणि या आजारात ही गरज बरीच वाढते. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार-सहा घोट पाजावेत. उकळून गार केलेले पाणी, ताक, लिंबूपाणी हे सर्व चालते.

घाटरस्त्यात मुलांना उलट्या होतात. या मुलांच्या बाबतीत उलटी ही किरकोळ गोष्ट समजू नये, कारण उलटीबरोबर पाणी जाते आणि नुकतेच दिलेले औषधही जाते. जीवनरक्षक क्षारांची, म्हणजे ओ. आर. एस.ची, तीन-चार पाकिटे सोबत असावीत. पाकिटावर जेवढे पाणी सांगितले असेल तेवढ्यातच ती विरघळवावीत. कमी पाण्यात केलेले दाट द्रावण अपायकारक ठरते. प्रवास शक्यतो पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

थंड हवेचे ठिकाण

उन्हाच्या काहिलीतून सुटण्यासाठी डोंगरावर जावे हे स्वाभाविक आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच आहे. चिखलदऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर श्वासातून मिळणारा प्राणवायू, समुद्रकाठच्या मानाने साधारण एक-अष्टमांशाने कमी असतो. बहुतेक मुलांना एवढी उंची बाधत नाही. मात्र पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि पोहोचल्याबरोबर सगळी प्रेक्षणीय ठिकाणे पायी पाहण्याचा हट्ट धरू नये. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणाचा बेत मात्र या मुलांसाठी योग्य नव्हे. विमानातील हवेचा दाबही जमिनीवरच्यापेक्षा कमी राखलेला असतो. म्हणून विमानप्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उंचीपेक्षा थंडी अधिक फसवी असते, कारण ती अनपेक्षित ठिकाणी गाठते. ताडोबाच्या जंगलात डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या गाडीतून हिंडताना चेहऱ्यावर बोचरा वारा येतो. दुपारी त्याच जंगलात घाम फुटतो. वातानुकूलित बसमध्ये रात्रभर अंगावर पडणारा गार झोत, धबधब्याखालचे स्नान, समुद्रात खेळून ओल्या कपड्यांनी वाळूत बसणे या सर्वांतून हात-पाय गारठतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पेशी अडकतात. कानटोपी, पायमोजे व जाड चादर भर उन्हाळ्यातही पिशवीत हवी. मुलाने पाण्यात खेळू नये असे नाही. पाणी फार गार नसावे, खेळ थोडा वेळ चालावा आणि बाहेर येताच अंग कोरडे करून कपडे बदलावेत, एवढे पथ्य पुरेसे आहे.

डासांविषयीही दक्षता हवी. सिकलसेलच्या वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. त्यावरून काही ठिकाणी असा समज पसरला आहे, की सिकलसेल असलेल्याला हिवताप होत नाही. प्रत्यक्ष आजारी असलेल्या मुलाला तो होतो आणि अधिक गंभीर होतो. जंगलभागात मुक्काम असल्यास मच्छरदाणी अवश्य न्यावी.

निघण्यापूर्वी

निघण्याच्या दोन आठवडे आधी मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे दाखवावे. नुकताच वेदनेचा झटका येऊन गेला असेल, ताप असेल अथवा रक्त द्यावे लागले असेल, तर बेत पुढे ढकलावा. राहिलेल्या लसी, विशेषतः न्यूमोनियाविरोधी लस, याच वेळी पूर्ण करून घ्याव्यात. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, तसेच लहान मुलांना संसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे पेनिसिलिन, यांत प्रवासाच्या नावाखाली खंड पडू देऊ नये. ही औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि बसच्या टपावर अथवा डिकीत जाणाऱ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावीत. वेदनाशामक औषधाची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावी.

तपासणीचे कार्ड, रक्तगट, नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते याची नोंद आणि चालू औषधांची नावे एका पाकिटात ठेवावीत. परक्या गावातील डॉक्टरला हिमोग्लोबिन ७ किंवा ८ दिसले, तर ते या मुलाचे नेहमीचे आहे की अचानक घटलेले, हे त्या नोंदीवरूनच कळते. मुक्कामाच्या गावापासून जवळचे ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालय कोठे आहे याचीही चौकशी आधीच करावी.

वेदना सुरू झाल्यास मुलाला उबेत झोपवून भरपूर पाणी पाजावे, लिहून दिलेले औषध द्यावे आणि दुखरा भाग कोमट कापडाने शेकावा. बर्फ लावू नये. साध्या मुरगळण्यावर उपयोगी पडणारा बर्फ येथे दुखणे वाढवितो. काही लक्षणांत मात्र घरगुती उपचारात वेळ घालवू नये. १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, छातीत दुखणे व धाप, हातापायांतील शक्ती अचानक जाणे अथवा बोलणे अडखळणे, मूल एकाएकी पांढरेफटक पडून पोटाची डावी बाजू फुगणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. शेवटच्या लक्षणात रक्त पाणथरीत साठून राहिलेले असते आणि काही तासांत जिवाला धोका उद्भवतो. पाणथरी हाताला कशी लागते हे आईने परिचारिकेकडून निघण्यापूर्वीच शिकून घ्यावे. राज्यात कोठेही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

शाळा व पंचायत यांच्यासाठी

काही शाळांतून वाहक मुलांनाही सहलीस नेण्यास नकार दिला जातो. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला सर्वसाधारण सहलीस आडकाठी नाही. उन्हात सर्वच मुलांना द्यावे तसे पाणी त्याला द्यावे, एवढेच. कार्डावर काय लिहिले आहे ते न वाचता ‘सिकलसेल’ या शब्दावरूनच निर्णय घेणे हे अज्ञान होय आणि ते शिक्षकाला शोभणारे नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षे वयापर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या सवलतपात्र प्रवाशांत सिकलसेलग्रस्त येतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे आगारात विचारून घ्यावीत. रेल्वेची सवलत मात्र उपचारासाठी किंवा तपासणीसाठी केलेल्या प्रवासापुरती असते, सहलीसाठी नाही. हा फरक अनेक कुटुंबांना तिकीट खिडकीवर पोहोचल्यावरच कळतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर ही माहिती सुटी सुरू होण्यापूर्वीच लावल्यास त्यांचा हेलपाटा वाचेल.

परतल्यानंतरचे दोन-तीन दिवस मुलाला विश्रांती द्यावी व पाण्याचे प्रमाण तसेच चालू ठेवावे, कारण थकव्याचा परिणाम उशिराही दिसू शकतो. प्रवासात वेदना झाली असल्यास तिची तारीख, ठिकाण आणि त्याआधी काय घडले होते, उदाहरणार्थ थंडी, ऊन किंवा जागरण, हे कार्डासोबतच्या वहीत लिहून पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या मुलाची रक्ततपासणी ठराविक मुदतीने करावी लागते. सुटीमुळे ती चुकली असल्यास शाळा उघडण्यापूर्वीच करून घ्यावी.