रेल्वेच्या रुळात 'मोती' असतो, आणि त्याच्याच जिवावर गाडी धावते

भरलेल्या मालगाडीच्या एकेका चाकावर साधारण ११ टन वजन असतं. आणि ते चाक रुळाला टेकतं ती जागा केवढी? एखाद्या नाण्याएवढी. अशी शेकडो चाकं अंगावरून जातात, तरी रूळ वर्षानुवर्षं टिकतो.

आता तुम्ही म्हणाल, पोलादच ते, टिकणारच. पण गोम अशी आहे की तेच पोलाद, त्यात कणभर काही न मिसळता, काचेसारखं ठिसूळही करता येतं. फरक पडतो तो थंड होताना.

रुळाला टिकवतं ते पर्लाइट. हे नाव मोत्यावरून आलं. इंग्लंडमधल्या शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हे मूळचे खडकांचे अभ्यासक. दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायची त्यांना सवय होती. १८६३ च्या सुमारास त्यांनी पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत केला, त्याला आम्ल लावलं आणि तसाच भिंगाखाली ठेवला. त्यातला काही भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकत होता. पुढे जास्त ताकदीच्या भिंगातून बघितल्यावर कारण कळलं. तिथं खारी बिस्किटासारखे थरावर थर होते.

हे थर येतात कुठून?

रुळाच्या पोलादात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. पोलाद लालभडक असताना हा कार्बन चहातल्या साखरेसारखा लोखंडात विरघळलेला असतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली मात्र लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात. या नव्या मांडणीला फेराइट म्हणतात, आणि तिच्यात फार तर ०.०२ टक्के कार्बन मावतो. मग उरलेल्यानं जायचं कुठं? एक कार्बन तीन लोखंडाचे अणू धरतो आणि सिमेंटाइट नावाचं कडक, ठिसूळ संयुग तयार होतं.

सुरुवात बहुतेक वेळा धातूच्या दोन कणांच्या सीमेवर होते. तिथं सिमेंटाइटचा एक ठिपका जन्मतो आणि आजूबाजूचा कार्बन ओढून घेतो. कार्बन गेल्यामुळे शेजारी फेराइट बनतं. फेराइट आपल्याला नको असलेला कार्बन बाहेर ढकलतं, त्यातून पलीकडे पुन्हा सिमेंटाइट. (पुस्तकात शिकवतात ते इथपर्यंत. १९६२ मध्ये स्वीडनच्या मॅट्स हिलर्ट यांनी दाखवलं की हे थर बरेचदा सुटे नसतातच. कोबीच्या पानांसारखे ते आतून एकमेकांना जोडलेले असतात, एकाच सिमेंटाइटला फांद्या फुटलेल्या असतात.) मग हे सगळे थर एकाच रांगेत पुढे सरकतात. कार्बनला लांब जावं लागत नाही, फक्त शेजारच्या थरापर्यंत उडी मारायची.

खरी गंमत इथं आहे. पोलाद सावकाश थंड केलं तर कार्बनला हिंडायला वेळ मिळतो आणि थर जाड होतात. जरा वेगानं केलं तर कमी तापमानात कार्बन सुस्तावतो, लांब जाऊ शकत नाही, म्हणून थर बारीक पडतात. थर जितके बारीक, तितकं पोलाद कडक.

रूळ बनवणारे हेच वापरतात. आर २६० जातीचा साधा रूळ हवेत आपोआप थंड होतो. आर ३५० एचटी जातीत कार्बन जवळपास तेवढाच, पण रुळाचा माथा मुद्दाम वेगानं थंड करतात. नावातला आकडा म्हणजे ब्रिनेल मापावरचा किमान कडकपणा. वळणावर रूळ जास्त झिजतो, तिथं हा दुसरा कामी येतो.

मग आणखी वेगानं थंड करायचं का? तिथंच घात होतो. कार्बनला हलायलाच वेळ मिळाला नाही तर तो आहे तिथं अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हेच होतं. धारेला ते चांगलं, रुळाला घातक.

आणि हे कारखान्याबाहेरही घडू शकतं. इंजिनाचं चाक जागच्या जागी घसरून फिरलं की घर्षणानं रुळाचा पृष्ठभाग क्षणात ७२७ अंशांच्या वर जातो. खालचा थंड रूळ ती उष्णता लगेच ओढून घेतो, म्हणजे रुळाला आयतंच 'पाणी' मिळतं. वर मार्टेन्साइटचा पातळ, ठिसूळ थर बसतो आणि तडा तिथून सुरू होऊ शकतो. रुळाचं वेल्डिंग करण्याआधी दोन्ही टोकं चांगली तापवून घेतात, त्यामागचं एक कारण हेच. सांधा झटक्यात थंड झाला, तर तिथं मोती बनायला वेळच मिळणार नाही.