पोटातील एच. पायलोरी जंतूमुळे हृदयविकार होतो का?

एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते आणि त्याच रुग्णाची अँजिओप्लास्टीही झालेली असते. मग नातेवाईक विचारतातच, “डॉक्टर, या जंतूमुळेच हार्टचा त्रास झाला का?” तसे सिद्ध झालेले नाही. मात्र हा जंतू आणि हृदयासाठी घेतलेल्या गोळ्या यांचा संबंध खरा आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या आतल्या अस्तरावर राहणारा जीवाणू. त्याची लागण बहुधा लहानपणी होते आणि उपचार न केल्यास तो वर्षानुवर्षे पोटात टिकतो. बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही. काहींना जठराला सूज, अल्सर आणि क्वचित जठराचा कर्करोग होतो.

१९९४ मध्ये लंडनमधील संशोधकांना हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज जास्त प्रमाणात आढळल्या. दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गामुळे शरीरात मंद दाह राहतो, त्यातून रक्तवाहिन्यांना इजा होत असावी, असा तर्क मांडला गेला. पण हा संसर्ग दाटीवाटीच्या, अपुऱ्या स्वच्छतेच्या घरांत वाढलेल्यांना अधिक होतो आणि हलाखीचे बालपण हे स्वतःच पुढे हृदयविकाराचा धोका वाढवते. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या असू शकतात. १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हा संबंध अगदीच क्षीण दिसला. जंतूच्या ‘कॅग-ए’ या अधिक आक्रमक प्रकाराविषयी चर्चा अजून चालू आहे. तरीही केवळ हार्ट अटॅक टाळण्यासाठी याचा उपचार करा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

अ‍ॅस्पिरिनचे मात्र वेगळे आहे. रक्त पातळ ठेवणारी ही गोळी जठराचे संरक्षण कमी करते. त्यात हा जंतू असेल तर अल्सर होऊन रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या, साठ व त्याहून अधिक वयाच्या लोकांवर मोठी चाचणी झाली (२०२२). जंतूचा उपचार केलेल्यांमध्ये पहिली सुमारे अडीच वर्षे असा रक्तस्राव बराच कमी झाला. पुढे हा फायदा टिकला नाही. म्हणून पूर्वी अल्सर झाला असेल तर अ‍ॅस्पिरिन सुरू असताना ही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर लगेच दाखवा. पण गोळी मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही.

उपचार साधारण १४ दिवसांचा असतो. त्यातील क्लॅरिथ्रोमायसिनचे काही स्टॅटिन गोळ्यांशी जमत नाही, ओमेप्राझोलचे क्लोपिडोग्रेलशी. त्यामुळे हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी पोटाच्या डॉक्टरांना दाखवाच. जंतू गेला का हे औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने पाहतात. रक्ततपासणी जंतू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह येऊ शकते.

आणखी एक. पोटात जंतू आहे हे कळल्यावर छातीतली प्रत्येक जळजळ ‘पित्तच असेल’ म्हणून अंगावर काढली जाते. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर अँटासिड घेऊन वाट पाहू नका. लगेच जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढून घ्या.